ओव्हरफ्लोच्या नादात घेतलेले चार बोर्ड

भांडुपच्या आमच्या चार मजली सोसायटीत गच्चीवरची टाकी भरली हे कळायचं एकच साधन होतं: ओव्हरफ्लोच्या पाइपातून पार्किंगमध्ये पडणाऱ्या धारेचा आवाज. तो ऐकून वॉचमनमामा पंप बंद करायचे. पावसाळ्यात ती धार पावसाच्या आवाजात बुडून जायची आणि पंप तासभर उगाच चालायचा. फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये मी बोलून बसलो, "टाकी भरली की सांगणारं यंत्र तीनशे रुपयांत करून देतो." त्याला आता नऊ महिने झाले. एकूण खर्च किती झाला तो आकडा घरात सांगितलेला नाही.

या नादात चार स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम चढवून सेन्सर, दिवे चालवायचे छोटे संगणकच) हाताखालून गेले: आर्डुइनो नॅनोचा क्लोन, म्हणजे कॉपी, ईएसपी 8266 वाला नोडएमसीयू, ईएसपी 32 आणि रास्पबेरी पाय पिको. मी डिप्लोमाला होतो तेव्हा 8051 या जुन्या चिपचा प्रोग्रॅम चुकला की ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) पुसायला अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवावी लागायची. त्यामुळे यूएसबीची वायर लावून दहा सेकंदांत प्रोग्रॅम चढतो याचं मला अजूनही अप्रूप आहे. पुढच्या तक्रारी त्या कौतुकासकट वाचाव्यात.

खरेदी अर्थात लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारायचं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि रविवारी जायचं नाही, बहुतेक शटर खाली असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "कॉपी की ओरिजिनल?" आर्डुइनोची डिझाइन खुलीच आहेत, त्यामुळे कॉपी घेण्यात चोरी नाही; फक्त त्यावर त्यांचं नाव छापलेलं नसावं. मला नॅनो सव्वादोनशेला, नोडएमसीयू अडीचशेला, ईएसपी 32 चारशेला आणि पिको पावणेचारशेला पडला. ऑनलाइन दहा-वीस रुपये कमी दिसतात, पण दुकानात बोर्ड समोर लावून दिवा पेटतो की नाही ते बघता येतं.

नॅनोबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. 16 मेगाहर्ट्झ, 32 केबी फ्लॅश आणि रॅम फक्त 2 केबी. त्यात पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम चढेना, सारखा 'नॉट इन सिंक'चा एरर. अर्धी रात्र ड्रायव्हर काढून घालण्यात गेली. दोष ड्रायव्हरचा नव्हताच. बऱ्याच क्लोनमध्ये जुना बूटलोडर (नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) असतो आणि मेन्यूत 'ओल्ड बूटलोडर' निवडावा लागतो, एवढंच. दुसरी गंमत टाइप-सी सॉकेटची. माझा नॅनो लॅपटॉपच्या सी-टू-सी केबलवर मेल्यासारखा पडून राहतो आणि जुन्या ए-टू-सी केबलवर लगेच जागा होतो. सॉकेटपाशी 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते स्वस्त बोर्डांवर अनेकदा गाळलेले असतात. बोर्ड परत करायला जाण्याआधी केबल बदलून बघा.

गणपतीत मात्र याच बोर्डाने माझा शब्द राखला. मखराभोवती पाच मीटरची डब्ल्यूएस 2812 ची पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशी एलईडीची) लावायची होती, मीटरला 60 दिवे, म्हणजे एकूण 300. पुतण्या म्हणाला, "काका, ईएसपी 32 घ्या ना, तो पंधरापट फास्ट आहे." घेतला. दिवे मध्येच वेडेवाकडे रंग दाखवायला लागले. ही पट्टी 5 व्होल्टवर चालते आणि डेटाची पिन साडेतीन व्होल्टच्या वर गेली तरच ती '1' मानायची हमी देते. ईएसपी 32 आणि पिको दोघेही 3.3 व्होल्टवाले. चाललं तर चाललं, नाहीतर मध्ये सिग्नल 5 व्होल्टवर चढवणारा लेव्हल शिफ्टर टाका. नॅनोचा सिग्नल मुळातच 5 व्होल्टचा, त्यामुळे पट्टी पहिल्या फटक्यात सरळ चालली. दिव्यामागे तीन बाइट, म्हणजे 300 दिव्यांना 900 बाइट; 2 केबीत आरामात मावतं. पट्टीला वीज मात्र बोर्डातून देऊ नका. सगळे दिवे पूर्ण पांढरे केले तर हिशेब 18 अँपिअरपर्यंत जातो. मी 10 अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वेगळा लावला आणि प्रोग्रॅममध्येच उजेड निम्म्याच्या खाली बांधून ठेवला. अनंत चतुर्दशीपर्यंत एकदाही रिसेट करावं लागलं नाही.

आता टाकी. मार्चमध्ये सुरुवात नोडएमसीयूने केली, कारण वायफाय हवं होतं आणि किंमत नॅनोएवढीच. पाण्याची पातळी मोजायला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) घेतला. त्याची इको पिन 5 व्होल्ट देते, म्हणून मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहमच्या रेझिस्टरची जोडी लावून व्होल्टेज उतरवलं. खबरदारी म्हणून एक फ्लोट स्विचही (पाण्यावर तरंगणारा) जोडला, टाकी भरली की डी-3 पिन ग्राउंडला लागेल असा. महिनाभर झकास चाललं. एप्रिलमध्ये इलेक्ट्रिशियनने जिन्यातल्या दुरुस्तीसाठी मेन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि दोन दिवसांनी मामा सांगत आले, "साहेब, तुमचं मशीन झोपलंय."

बोर्डाला वीज होती, दिवा पेटलेला होता, पण काम शून्य. कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. बोर्डावरची डी-3 म्हणजे चिपची जीपीआयओ 0 ही पिन. चालू होताना ही पिन ग्राउंडला लागलेली असेल तर चिप समजते की आता नवा प्रोग्रॅम चढवायचाय, आणि वाट बघत बसते. मेन चालू झालं तेव्हा टाकी भरलेली होती. डी-4 आणि डी-8 यांचीही अशीच नाटकं: बोर्ड चालू होताना डी-4 वर (3.3 व्होल्टला) हवी, डी-8 खाली (ग्राउंडला). अॅनालॉग पिन तर एकच. बोर्डावर पिना भरपूर दिसतात, पण डोळे मिटून वापराव्यात अशा चार-पाचच निघतात. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि टेबलावर कळतही नाही, कारण टेबलावर टाकी भरत नाही.

मे महिन्यात ईएसपी 32 वर गेलो. इथेही 0, 2, 12, 15 या पिनांपासून लांब राहावं लागतं, 34 ते 39 फक्त इनपुटला चालतात, आणि वायफाय चालू असताना एडीसी-2 या गटातल्या पिनांवर अॅनालॉग वाचता येत नाही. पण 25, 26, 27, 32, 33 एवढ्या मोकळ्या मिळाल्या तरी माझ्यासारख्याचं काम भागतं. प्रोग्रॅम चढवताना 'कनेक्टिंग' लिहून नुसते ठिपके येत राहिले तर बूटचं बटण दाबून धरायचं. रोजचा त्रास नको असेल तर ईएन (रिसेटची पिन) आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा, माझ्या बोर्डाचा आजार त्याने गेला. आणखी एक: हा बोर्ड इतका रुंद आहे की ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी) एका बाजूला वायर खुपसायला एकही भोक उरत नाही. मी दोन ब्रेडबोर्ड शेजारी जोडून मधोमध बसवला.

गच्चीवर नेल्यावर तो दर काही मिनिटांनी आपोआप रिसेट व्हायला लागला. लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या सीरियल मॉनिटरवर 'ब्राउनआउट', म्हणजे व्होल्टेज घसरलं, असं दिसत होतं. वायफाय सुरू होताना तो क्षणभर बराच करंट ओढतो, आणि माझी तीन मीटरची बारीक यूएसबी केबल तेवढ्यात मान टाकायची. जाड वायर, चांगला अॅडॉप्टर आणि बोर्डापाशी 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग थांबलं. बोर्डांना मी दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या तरी केबलच्या वाट्याच्या होत्या.

वायफाय चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं घेतलं होतं. त्यांनी पासवर्ड बदलला आणि सोसायटीची टाकी माझ्या मोबाइलवर चार दिवस 'रिकामी' राहिली. शेवटी राउटरचा नादच सोडला. ईएसपीच्या बोर्डांना राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलता येतं, त्याला ईएसपी-नाऊ म्हणतात, आणि 8266 व 32 एकमेकांना समजतात. चॅनेल तेवढा दोन्हीकडे एकच ठेवायचा. गच्चीच्या कठड्यावरून वॉचमनची केबिन सरळ दिसते. वर ईएसपी 32, खाली केबिनमध्ये तो नाकारलेला नोडएमसीयू, बझर आणि छोटा डिस्प्ले. फ्लोट स्विच नसल्यामुळे नोडएमसीयू आता गुणी बाळ झालाय. पंपाला रिले (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच) लावा असं सेक्रेटरी सारखे म्हणतात. मी हात जोडलेत. पंपाची वीज माझ्या अडीचशेच्या बोर्डावर सोपवायची माझी तयारी नाही.

जुलैने सगळ्यांची परीक्षा घेतली. डबा उघडला तर हेडरच्या पिनांवर हिरवट थर. आपली हवा खारी, त्यात पावसाळ्यातला दमटपणा. पिना घासल्या, वायरी थेट सोल्डर केल्या आणि बोर्डावर बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश फिरवलं (यूएसबीचं सॉकेट आणि अँटेनाचा भाग सोडून). वायरी डब्याच्या खालच्या बाजूने काढल्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरत नाही. सेन्सरचा एक दोषही तेव्हाच समजला: साधारण 20-25 सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की नेमके तेव्हाच भलते आकडे. झाकणावर पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा करून सेन्सर त्यावर उचलून धरला.

पिको टाकीवर गेलाच नाही. साध्या पिकोला वायफाय नाही. डब्ल्यू अक्षरवाला 2022 मध्ये आला, तो महाग पडतो. पण लेकीला पायथन शिकवायला मी दुसरं काही घेणार नाही. बूटसेल बटण दाबून वायर लावली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथनची (अशा छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) फाइल ओढून टाकली की झालं. 264 केबी रॅम, मागचे कागद नीटनेटके, आणि त्याची डुप्लिकेट चिप मला अजून भेटलेली नाही. राग दोनच गोष्टींचा: रिसेटचं बटण नाही, आणि पिनांची नावं पाठीवर छापलीत. ब्रेडबोर्डवर बसवला की मोबाइलमधला फोटो बघत पिना मोजायच्या.

मध्ये ब्लू पिल नावाचा पाचवा बोर्डही घेतला होता, एसटीएम 32 चिपवाला. दीडशे रुपयांना मिळाला, त्यावरची चिप भलत्याच कंपनीची निघाली, प्रोग्रॅम चढवायचं उपकरण वेगळं घ्यावं लागलं. तो ड्रॉवरमध्ये आहे.

आता बी विंगवाले मागे लागलेत. त्यांच्यासाठी वर एक ईएसपी 32, केबिनच्या डिस्प्लेवर आणखी एक ओळ, आणि या वेळी केबल आधी घेणार, बोर्ड नंतर. मीटिंगमध्ये आकडा विचारला तेव्हा मी दोन हजार सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "ए विंगला तर तीनशे म्हणाला होतात."