एअर रायफल की एअर पिस्तूल?

रामबागेतली आमची भाची नेमबाजी शिकायची म्हणाली (इंदूरला महू जवळ, लष्करी नेमबाजांची हवा लागतेच!), तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला. दोन्हींत छर्रा ४.५ मिमीचा, अंतर १० मीटर. फरक खिशाला कळतो. रायफलीसोबत जाड जाकीट, पॅन्ट, बूट, हातमोजा आलाच. मे महिन्यात ते जाकीट म्हणजे घामाची आंघोळ, आणि वाढत्या वयात ते तोकडंही पटकन होतं. पिस्तुलाला एवढा लवाजमा नाही. मात्र ते एकाच हाताने धरायचं, मनगट थरथरतं. म्हणून तर निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका रायफलीला अर्धा मिमीचा, पिस्तुलाला ११.५ मिमीचा. मी पिस्तूलच म्हणेन. पण आधी दोन महिने क्लबच्या पिस्तुलावर हात बसू द्या.