तीन नोडांच्या क्लस्टरसाठी लाँगहॉर्न की एनएफएस?

कुबरनेटीस म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनरमधले प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली. तिच्या छोट्या क्लस्टरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या समूहात, टिकाऊ स्टोरेज कशावर उभारावे: नोडांच्याच डिस्कांवर डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या लाँगहॉर्नवर, की नेटवर्कवरून फाइली वाटून देणाऱ्या एनएफएसवर, हा निर्णय मला स्वतःला घ्यावा लागला आहे. तीन नोड (क्लस्टरमधली यंत्रे), 1 गिगाबिटचे नेटवर्क आणि देखभालीला मी एकटा, अशी स्थिती होती. रूक-सेफ ही आणखी एक स्टोरेज प्रणाली समर्थ असली तरी एकट्याने सांभाळायला जड वाटल्यामुळे ती मी लवकरच बाजूला ठेवली.

लाँगहॉर्नच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. व्हॉल्यूमच्या (प्रोग्रॅमला दिलेल्या डिस्कसारख्या जागेच्या) प्रती तिन्ही नोडांवर राहतात, आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) व बॅकअपची सोय आयती मिळते. प्रत्येक लेखन सर्व प्रतींपर्यंत पोहोचावे लागत असल्याने ते मला काहीसे संथ जाणवले, परंतु तेवढ्यासाठी मी ते सोडले नसते.

निर्णय झाला तो एका रात्री एका नोडची वीज गेली तेव्हा. 5 मिनिटांनी कुबरनेटीसने दुसऱ्या नोडवर नवा पॉड (प्रोग्रॅमची चालती प्रत) नेमला खरा. पण व्हॉल्यूम एका वेळी एकाच नोडला जोडता येणारे आणि जुना पॉड ‘टर्मिनेटिंग’ (बंद होत असल्याच्या) स्थितीतच अडकलेला, त्यामुळे नवा पॉड ‘मल्टी-अटॅच’ची (व्हॉल्यूम आधीच दुसरीकडे जोडलेले असल्याची) त्रुटी दाखवत सकाळी मी हात घालेपर्यंत ताटकळत राहिला. डेटाच्या दोन धडधाकट प्रती उरलेल्या नोडांवर असूनही सेवा बंद होती, याचे मला फार वाईट वाटले. नोड बंद आहे की केवळ संपर्काबाहेर, हे क्लस्टरला कळत नसल्यामुळे ही सावधगिरी योग्यच आहे, हेही मान्य केले पाहिजे. असे पॉड आपोआप हटवण्याची सेटिंग लाँगहॉर्नमध्ये आहे, मात्र ती मुळात बंद असते. नोड सेवेबाहेर आहे असे क्लस्टरला सांगणारी ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट नावाची खूण हाताने लावायची, तर कोणीतरी जागे असावे लागते.

एनएफएसमध्ये व्हॉल्यूम नोडला जोडण्याची ही पायरीच नाही. वेगळ्या यंत्रावर एनएफएस मांडून मी मुद्दाम एक नोड बंद केला, तेव्हा डिप्लॉयमेंटचा (ज्यात पॉड एकमेकांऐवजी चालतात) नवा पॉड त्याच 5 मिनिटांनंतर विनातक्रार सुरू झाला. स्टेटफुलसेटचे पॉड (ज्यांची प्रत्येकाची ओळख ठरलेली असते) मात्र दोन्हीकडे अडकतात. शिवाय ते एक यंत्र बंद पडले की सगळेच थांबते, आणि क्लेममध्ये (पॉडसाठी केलेल्या जागेच्या मागणीत) लिहिलेली आकाराची मर्यादा एनएफएस स्वतःहून पाळत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस मी एनएफएसवर ठेवलेलाच नाही. तो नोडच्या स्थानिक डिस्कवर चालतो आणि रोज रात्रीचा त्याचा डंप (डेटाची फाइलीतली प्रत) तेवढा एनएफएसवर जातो.

डेटाबेस हाच मुख्य भार असेल, तर लाँगहॉर्न अधिक सोयीचे ठरू शकेल. अपलोड केलेल्या फाइली आणि कागदपत्रे यांच्यासाठी मी आज पुन्हा एनएफएसच घेईन, फक्त स्टोरेजक्लासची (व्हॉल्यूम कसे बनवायचे हे ठरवणाऱ्या व्याख्येची) रिक्लेम पॉलिसी, म्हणजे क्लेम हटवल्यावर व्हॉल्यूमचे काय करायचे हा नियम, पहिल्याच दिवशी ‘रिटेन’ (जपून ठेवा) करीन, कारण एरवी ती ‘डिलीट’ असते आणि क्लेमबरोबर डेटाही जातो.