४० लिटरची लेडीज बॅकपॅक, दोन वर्षं रगडून वापरल्यावर

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अशा बॅगा आता सगळेच काढतात आणि घेताना बघायच्या गोष्टी त्याच असतात. माझी ४० लिटरची आहे, सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी चेन उघडून सपाट पसरते, रिकामी दीड किलो. दोन वर्षं एकटीने फिरतेय हिला घेऊन, बस ट्रेन विमान ट्रेक सगळं झालं.

सगळ्यात भारी म्हणजे कंबरपट्टा. आधी भावाची ६० लिटरची वापरायचे, तिचा पट्टा यायचा पोटावर आणि सगळं ओझं खांद्यावर, दुसऱ्या दिवशी मान वळायची नाही आणि मला वाटायचं आपणच नाजूक. नंतर कळलं की लिटर नंतर बघायचे, आधी पाठ मोजायची. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं ना, तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. माझी पाठ ४१ सेंटीमीटर निघाली, भावाची बॅग कशी बसणार होती मला! पट्टा हाडावर नीट बसला की बरंचसं वजन कंबर घेते, खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. आणि छातीवरचा आडवा पट्टा वरखाली होतो का तेही बघा, नाहीतर नेमका नको तिथे रुततो.

सपाट उघडण्याचा फायदा हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकजणी एकत्र झोपतात त्या खोलीत कळतो. पहाटे चारची बस, सगळे झोपलेत, आणि तुमचे मोजे बॅगेच्या तळाशी. वरून उघडणाऱ्या बॅगेत अर्धं सामान बाहेर काढावं लागतं, तेही प्लास्टिकच्या पिशव्यांचा कचकच आवाज करत. (कपड्यांना कापडी पाऊचच घ्या, प्लीज.)

आता तक्रारी. रेन कव्हर सोबत मिळालं पण ते पाठीकडची बाजू झाकतच नाही, तीन तास पावसात चालले तर पाणी पाठीवरून ओघळून आत, पासपोर्ट झिपलॉकमध्ये होता म्हणून वाचला, डायरीची शाई मात्र सगळी पसरली. आता आतून कचऱ्याची मोठी जाड पिशवी लावते आणि त्यात सगळं भरते. दुसरं म्हणजे छातीच्या पट्ट्याची क्लिप आठव्या महिन्यातच तुटली, तीन मेल केले, उत्तर शून्य. बुटाची लेस बांधून १२ दिवस काढले.

केबिनमध्ये जाते का? जाते, पण पुढचा खिसा ठासून भरला की फुगते आणि विमानतळावर बॅगेचं माप बघायला ठेवलेल्या त्या सांगाड्यात अडकते. बऱ्याच विमानांना ७ किलोचीच मर्यादा, म्हणजे तुमच्या हातात उरले साडेपाच. मी तीन टॉप, दोन पँट घेते, जीन्स नाही कारण ती वाळता वाळत नाही, आणि एक मेरिनो लोकरीचा टीशर्ट जो चार दिवस घातला तरी वास मारत नाही. मेन्स्ट्रुअल कपने पॅडची जागा वाचली, पण पहिल्यांदाच प्रवासात वापरू नका, आधी दोन-तीन महिने घरी सवय करा. दाराखाली लावायची रबरी पाचर घ्याच, कडीवर भरवसा नसला तरी झोप लागते. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते म्हणजे १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या आत.

अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय १८८९ मध्ये एका छोट्या हातबॅगेवर निघाली आणि ७२ दिवसांत जगाला फेरी मारून आली, आणि त्या बॅगेतही तिला सगळ्यात जास्त छळलं ते कोल्ड क्रीमच्या बरणीने! माझी बरणी म्हणजे 'लागले तर' म्हणून घेतलेले जादाचे बूट. दोन ट्रिपा वाहिले, एकदाही पायात घातले नाहीत.

तंबू, स्लीपिंग बॅग न्यायची असेल तर ही पुरणार नाही. बाकी पाचपैकी चार. आणि ती क्लिप जादाची आधीच घेऊन ठेवा, दोन घ्या.