एडिंबरातला स्कॉटिश कंट्री डान्सचा क्लास आणि नीडपाथ कॅसल

सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमधल्या स्कॉटिश कंट्री डान्सच्या, म्हणजे जोड्याजोड्यांनी नाचायच्या इथल्या पारंपरिक नाचाच्या, क्लासला जातेय, आणि इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी एकदा तरी जाऊन बघाच. जोडीदार नेला नाही तरी चालतं, कोणीतरी येऊन हात पुढे करतंच.

मला सगळ्यात आवडलेला डान्स म्हणजे नीडपाथ कॅसल. हा कॅसल खरा आहे, पीबल्स गावाच्या जरासं पश्चिमेला ट्वीड नदीवर, चौदाव्या शतकातला, ‘हे’ (Hay) नावाच्या घराण्याने बांधलेला उंच दगडी बुरुज, आत राहायच्या खोल्या असलेला, अशा वास्तूला इथे टॉवर हाऊस म्हणतात. १६५० मध्ये इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्याने त्यावर तोफा डागल्या होत्या असं म्हणतात. आम्ही मुद्दाम बसने जाऊन नदीकाठाने चालत बघून आलो, आणि त्यानंतर हा डान्स नाचताना तो नदीच्या वळणावरचा बुरुज डोळ्यांसमोरच येतो.

डान्स स्ट्रॅथस्पे प्रकारातला आहे. रील आणि जिग हे दुसरे प्रकार उड्या मारत पटापट होतात, स्ट्रॅथस्पे मात्र संथ, पाय जमिनीवरून सरकवत न्यायचा, आणि हे संथपणच जास्त दमवतं कारण तोल सांभाळायला वेळ द्यावा लागतो, घाईत चूक लपवता येत नाही. फिडल आणि अ‍ॅकॉर्डियनचा तो तुटक ठेका सुरू झाला की अंगावर काटा येतो.

शिकवणाऱ्या बाई रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीच्या सर्टिफिकेटवाल्या, ही सोसायटी १९२३ साली ग्लासगोत सुरू झाली. खूप प्रेमाने शिकवतात, पण नवीन आणि दहा-दहा वर्षं नाचणारे लोक एकत्रच असल्यामुळे सुरुवातीला ‘पूसेट’, ‘अ‍ॅलेमांड’ अशी डान्समधल्या हालचालींची नावं भराभर कानावर पडतात आणि आपण मधेच उभे. शिवाय हॉलची फरशी फार कडक, दोन महिने माझ्या नडग्या दुखत होत्या, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मऊ चामड्याचे, लेस पायाभोवती बांधायचे गिली शूज घ्या, फरक पडतो, स्नीकर्स जमिनीला चिकटतात.

आणि एक सांगते, चार जोड्यांच्या सेटमध्ये, म्हणजे एकत्र नाचणाऱ्या रांगेत, नवख्याने तळाला, चौथ्या जागी उभं राहावं. बऱ्याच डान्समध्ये पहिल्या तीन जोड्या आपापली पाळी दोन-दोन वेळा नाचतात, म्हणजे आपली पाळी यायच्या आधी तोच डान्स सहा वेळा झालेला असतो, आणि सातव्यांदा पाय बरोबर जागी पडतात.