इंजिन कामानंतर पुन्हा बसवलेली पुढची सबफ्रेम: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या डिझेल सेडानच्या टायमिंग चेनचं काम गेल्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरला करून घेतलं. या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट सबफ्रेमवर, म्हणजे पुढच्या भागाखाली बॉडीला बोल्टने बसवलेल्या चौकटीवर, घेऊन खालून उतरवावं लागतं. इंजिनाचं थोडक्यात सांगतो: सकाळी स्टार्ट करतानाची खडखड गेली, ऑइलची गळती नाही, अॅव्हरेज पूर्वीइतकंच. लिहायचंय ते सबफ्रेमबद्दल, मिस्त्री लोकांच्या क्रॉस मेंबरबद्दल. चाकांना धरणारे लोअर आर्म, चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक, इंजिनाचं खालचं माउंटिंग, सगळं तिच्यावर. तरी इंजिनाचं काम काढताना ती परत कशी बसवणार, हे कुणी विचारत नाही.

मिस्त्रींनी उतरवण्याआधीच स्टिअरिंग सरळ करून बेल्टने बांधलं. रॅक सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. मग फ्रेमच्या कडेने बॉडीवर खुणा ओढल्या. परत चढवताना चारही बोल्ट आधी हाताने धरवले, आटे नीट लागल्याची खात्री केली, मापाच्या भोकांत पिना घातल्या आणि मगच पाना लावला.

एवढी काळजी का? फ्रेम काही मिलिमीटर एका बाजूला सरकली, तरी दोन्ही लोअर आर्म तिच्यासोबत सरकतात. एका चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, आत झुकतो, दुसऱ्याचा बाहेर. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत अलाइनमेंटवाला फक्त टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची दिशा, जुळवू शकतो. कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नसते. म्हणजे फ्रेम वाकडी बसली की मशीनवर कितीही वेळा चढवा, टायर एका कडेने खातच राहणार. म्हणून अलाइनमेंटचा छापील कागद हातात घ्या आणि डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे शेजारी ठेवून बघा. माझ्या कागदावर ते जवळजवळ सारखे होते, तेव्हाच मी निश्चिंत झालो.

फ्रेमचे बोल्ट नवे टाकले. माझ्या गाडीत ते ठरलेल्या टॉर्कला आवळून पुढे ठरावीक अंश फिरवायचे असतात; त्यात ते ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. मजुरीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. इथे कंजुषी नको.

मला सर्वांत पटलेली गोष्ट लोअर आर्मच्या बुशची, म्हणजे आर्म फ्रेमला जोडणाऱ्या रबरी सांध्याची. गाडी जॅकवर असताना ते बोल्ट नुसते धरवून ठेवले होते. मी विचारलं तर म्हणाले, "मालक, हे गाडी खाली टेकल्यावरच आवळायचे. आत्ता आवळले तर बुश पिळलेलीच राहते, लवकर फाटते." रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना आवळलं, की गाडीचं वजन आल्यावर ते कायम ताणात राहतं.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. माझी ये-जा बीड, माजलगाव, परभणी अशी. मांजरसुंब्याचा घाटही नेहमीचा. एवढ्या वापरात पुढून कुरकुर नाही की स्पीडब्रेकरवर ठक आवाज नाही. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. समृद्धीवर गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही. पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या-बाहेरच्या कडा हात फिरवून पाहिल्या, झीज सारखी आहे.

तपासणीसाठी मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत रंगाची रेघ मारून ठेवली होती. दिवाळीच्या सर्व्हिसला गाडी वर घेतली, रेघ कुठेच तुटलेली नव्हती. ताणून बसवलेले बोल्ट "जरा आवळून देतो" म्हणून कुणाला पुन्हा आवळू देऊ नका. रेघ बघा, पुरे.

एक तक्रार राहिली होती. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की सीटला थरथर जाणवायची. खालचं माउंटिंग किंचित ताणात बसलं होतं. त्याच सर्व्हिसला माउंटिंगचे बोल्ट ढिले केले, इंजिन हलवून आपल्या जागी बसू दिलं आणि पुन्हा आवळलं. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. रबर जुनं आणि ऑइल लागून मऊ झालेलं आहे, ते आता बदलणार आहे. फ्रेम खाली होती तेव्हाच बदललं असतं तर वेगळी मजुरी लागली नसती, म्हणून तुमचं काम निघालं तर माउंटिंगचं रबर त्याच वेळी तपासायला सांगा.