ई-बाईक 14 महिने, देवगड: गाडी घेण्याआधी घराचं अर्थिंग बघा

गाडी 2024 च्या दसऱ्याला घेतली. तेव्हा पीएम ई-ड्राइव्ह ही केंद्र सरकारची अनुदान योजना नुकती सुरू झाली होती, बॅटरीच्या किलोवॅट-अवरला 5,000 पण गाडीमागे जास्तीत जास्त 10,000, त्यामुळे 4 किलोवॅट-अवरची बॅटरी असून मला 10,000 च मिळाले. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ते परत लिहीत नाही. मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो, देवगड, जामसंडे, कुणकेश्वर, मिठबाव अशी रोजची 55 किलोमीटर फिरती, दर शंभर-दोनशे मीटरवर थांबायचं, उतरायचं, पैसे घ्यायचे, परत चढायचं. अशा कामाला क्लच-गिअर नसलेली गाडी म्हणजे सुख आहे. जुन्या गाडीवर संध्याकाळी डावं मनगट सुजायचं ते पूर्ण बंद झालं, आणि नुसत्या याच गोष्टीसाठी मी ही गाडी परत घेईन.

पण हा रिव्ह्यू त्यासाठी लिहीत नाहीये. मार्च ते मे मध्ये गाडी घरी चार्जच होईना, त्या दोन महिन्यांत माझे पैसे, वेळ आणि झोप गेली. ज्यांचं घर सड्यावर, कातळावर आहे त्यांनी हे नीट वाचा.

ऑक्टोबर ते मार्च काही त्रास नव्हता. रात्री जेवण झालं की लावायचो, पहाटे फुल. मार्चच्या शेवटी एक दिवस चार्जरचा लाल दिवा लागला आणि ॲपवर ग्राउंड फॉल्ट, म्हणजे अर्थिंगबद्दलचा इशारा. काढून परत लावलं, झालं चालू. मग दोन दिवसांनी परत. एप्रिलमध्ये रोज. पहाटे चारला उठून बघायचो तर रात्री 38 टक्के होती ती 41 वर येऊन बंद पडलेली. कणकवलीला बहिणीकडे गेलो तिथे लावली तर एकदाही एरर नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला, पण डोक्यात एकच, की चार्जर खराब झालाय आणि वॉरंटीत आहे.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. फोनवर सांगितलं गाडी घेऊन या. एवढ्या लांब ती एका चार्जमध्ये जात नाही, घरी चार्ज होत नाही, म्हणजे टेम्पो आला. आंब्याचा सीझन, टेम्पोत पेट्यांनाच जागा नसते, ओळखीच्या माणसाने हातापाया पडल्यावर मागच्या बाजूला उभी करून बांधून फोंडाघाटातून नेली, जाताना 1,500, येताना रिकामा होता म्हणून 800. तिथे तीन तास चार्जिंगला लावली आणि म्हणाले, एकदम ओके आहे. तपासणीचे 600 अधिक जीएसटी, 708 रुपये. घरी आणली, लावली, लाल दिवा.

परत फोन केला तर म्हणे मग चार्जर बदलून बघा, नवीन 13,500, आणि वॉरंटीत बसणार नाही कारण आमच्याकडे फॉल्ट दिसला नाही. एवढ्यावर माझं भांडण झालं, ते इथे लिहीत नाही. पण त्याच फोनवर त्यांच्या टेक्निशियनने एक उपाय सांगितला तो लिहिलाच पाहिजे. म्हणाला, सॉकेट उघडा, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये वायरचा तुकडा जोडून टाका, एरर जाईल. एरर जातोही. पण हे कोणीही करू नका, कृपा करून करू नका. आपल्याकडे वाऱ्याने फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटणं हे दर पावसाळ्यातलं आहे. न्यूट्रल तुटली की घरातल्या पंख्या-दिव्यांतून फेज, म्हणजे जिवंत करंट, त्या वायरवर परत येतो, आणि तुम्ही ती अर्थिंगला जोडलेली असेल तर तोच करंट सरळ गाडीच्या चासीवर, फ्रिजच्या दारावर, गीझरवर. गाडीला हात लावणारा माणूस अनवाणी, जमीन ओली. पुढे काय होईल ते सांगायला नको. कंपनीच्या माणसाने हे फोनवर सांगावं याचा मला आजही राग आहे.

मी ते केलं नाही त्याला कारण आई. एप्रिलमध्येच एकदा तुळशीला पाणी घालताना तिचा हात गाडीच्या मागच्या हँडलला लागला आणि म्हणाली, "रे, गाडी झिणझिणता." मी म्हटलं वय झालं तिचं, काहीतरी वाटलं असेल. दोन दिवसांनी म्हणाली फ्रिजपण झिणझिणता. तेव्हा मी हबकलो. आमच्या वाडीत एक वयस्कर वायरमन आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी मल्टीमीटर लावला. फेज-न्यूट्रल 224, ठीक. फेज-अर्थ 131. न्यूट्रल-अर्थ 93. म्हणाले, "ह्येका अर्थिंग नाय. नावाक वायर आसा." फेज-अर्थ हे जवळजवळ फेज-न्यूट्रलएवढंच यायला पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मग फेज आणि अर्थिंगमध्ये साधा 100 वॅटचा बल्ब लावून दाखवला, लागलाच नाही. अर्थिंग जिवंत असेल तर तो बल्ब पूर्ण पेटतो. ही टेस्ट जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका.

चार्जरच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट बॉडीवर येत असतो, एरवी तो अर्थिंगने जमिनीत जातो. अर्थिंग मेलेलं असेल तर जायला वाट नाही, म्हणून झिणझिण्या. आणि चार्जर हेच ओळखून स्वतःला बंद करत होता. म्हणजे ज्याला मी दीड महिना शिव्या घालत होतो तो चार्जर माझ्या आईला वाचवायचं काम करत होता.

पण खरं सांगायचं तर तेव्हा मला हे पटलं नाही. म्हटलं फ्रिज, गीझर, पंप सगळं या घरात नऊ वर्षं चालतंय, अर्थिंग नसतं तर चाललं असतं का? वायरमन म्हणाले, "त्या वस्तू इचारत नाय, ही गाडी इचारता." मी मान हलवली आणि मनात म्हटलं हे जुन्या वळणाचे आहेत, त्यांना ई-बाईकचं काय कळणार. आणि रोज कणकवली फाट्यावर नाहीतर एका गिऱ्हाइकाच्या दुकानात चार्जिंग करत राहिलो, दुकानदाराला दिवसाला 50 रुपये देऊन.

मग पाऊस आला. 2025 साली तो मेमध्येच कोसळायला लागला, 25 मेला तर मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. त्याच्या तीन-चार दिवस आधी, दोन रात्री धो धो पडून गेल्यावर मी सवयीने गाडी लावली आणि सकाळी 100 टक्के. दुसऱ्या दिवशी पण. गाडीत काही बदललं नव्हतं, चार्जर तोच, वायर तीच. फक्त जमीन भिजली होती. मी त्या वायरमनच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो आणि माफी मागितली.

तर कारण असं. आमचं घर कातळावर. बांधताना ज्याने वायरिंग केलं त्याने कातळाच्या फटीत दीडेक फुटाचा रॉड ठोकला, वायर गुंडाळली, झालं अर्थिंग. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते खाली निघून जातं, मार्च आला की वरचा थर खणखणीत सुका, आणि सुका कातळ करंटला वाटच देत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर चार महिने ओलावा असतो म्हणून चालतं. गाडी दसऱ्याला घेतली म्हणून मला पहिले पाच-सहा महिने कळलंच नाही. शिमग्यानंतर घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात परत करून आलो असतो आणि गाडीला कायमचं वाईट म्हटलं असतं.

उपाय त्याच वायरमननी केला. घराजवळ कुठेच माती नाही, पण मागे खाली न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे माडाचं आळं आहे, तिथे भराव घालून माती केलेली, बारा महिने ओली. तिथे आठ फुटी जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ थरावर थर. माडाला आपण मीठ घालतोच, त्यामुळे आईचीही हरकत नव्हती. तिथून 22 मीटर वायर पाइपातून पुरून बोर्डापर्यंत आणली, सोबत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवला. सगळं मिळून 6,200 रुपये. त्याच दिवशी न्यूट्रल-अर्थ 1.8 व्होल्ट. काल, म्हणजे डिसेंबरात, परत मोजलं, 1.9. वायरमन म्हणतात मीठ पाइप खातं, दरवर्षी बघायचं, ते करणार. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, तेव्हा दर आठवड्याला मोजून आकडे इथेच टाकीन.

आता बाकीचं पटापट. रेंज कंपनीच्या कागदावर 150, मला मिळते 100, पावसाळ्यात 95, चढ-उतार आणि माझं थांबत-थांबत जाणं बघता मला पुरते. वरच्या सड्यावर राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, सकाळी 100 टक्के करून निघालात आणि लगेच उतार लागला तर रिजनरेशन (गाडी हळू होताना मोटरने बॅटरी भरणं) चालत नाही, भरलेल्या बॅटरीत अजून भरणार कुठे, आणि रोजच्या सवयीने ॲक्सिलरेटर सोडला तर गाडी अडखळत नाही, सुसाट जाते. मला पहिल्यांदा झालं तेव्हा पुढे गुरं होती. आता मी 90 वर बंद करतो, आठवड्यातून एकदाच पूर्ण भरतो. ब्रेक शू 14 महिन्यांत एकदाच बदलले.

खारा वारा. चार्जिंग पोर्टच्या पिनांवर ऑगस्टमध्ये हिरवं किटण आलं होतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पातळ डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं, तेव्हापासून महिन्यातून एकदा करतो. रबरी झाकण सैल आहे, त्यावर मी स्कूटीच्या सीटचं जुनं रेक्झिन कापून लावलंय. चेनला दर आठवड्याला तेल, नाहीतर चार दिवसांत लाल. आयपी 67 हे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ते ठीक, पण ती परीक्षा गोड्या पाण्याची असते, म्हणून पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, गाडी घालू नका, आणि मिठमुंबरीच्या पुलावरून वाऱ्याच्या दिवशी आलात तर घरी साध्या पाण्याने पुसून घ्या, प्रेशर पंप नको. आणि हो, छोटी 12 व्होल्टची बॅटरी एकदा उतरली तेव्हा मोठी 70 टक्के असून गाडी उठली नाही, ते माहीत असू द्या.

हिशोब. सब-मीटर लावलाय, 14 महिन्यांत 19,800 किलोमीटर आणि 910 युनिट. आमचं बिल आधी महिन्याला 80-85 युनिटचं असायचं, गाडीमुळे 100 ओलांडतं आणि वरचे युनिट महागड्या स्लॅबमध्ये जातात, त्यामुळे वाढलेल्या बिलावरून काढलं तर युनिटला साधारण 11 रुपये, म्हणजे 10,000 च्या आसपास. जुनी गाडी 55 चं ॲव्हरेज द्यायची, तिला 360 लिटर पेट्रोल लागलं असतं, 105 ने धरलं तर 37,800. वाचले 27,800. त्यातून अर्थिंगचे 6,200, टेम्पोचे 2,300, दुकानदाराचे तीसेक दिवसांचे 1,500 आणि ते 708 वजा करा. तरीही 17,000 च्या वर हातात राहिले, आणि पिग्मीच्या माणसाला 17,000 ही छोटी रक्कम नाही.

शोरूमवाल्यांना एकच सांगणं आहे, बुकिंग घेताना घरी माणूस पाठवून चार्जिंग पॉइंट बसवता ना, तेव्हा मल्टीमीटर लावून न्यूट्रल-अर्थ एकदा मोजा आणि तो आकडा गिऱ्हाइकाला कागदावर द्या. माझ्याकडे आलेल्या माणसाने सॉकेटचे तीन स्क्रू पिळले, फोटो काढला आणि गेला. पाच मिनिटांचं काम होतं. आमच्या वाडीत आता दोघांनी ई-गाड्या बुक केल्यात, दोघांनाही मी आधी त्या वायरमनकडे पाठवलं, एकाच्या घरी न्यूट्रल-अर्थ 60 निघाले, तेही डिसेंबरात, जमीन अजून ओली असताना.

708 रुपये मी परत मागितलेत. जो फॉल्ट ओळखता आला नाही त्याच्या तपासणीचे पैसे का द्यायचे हा माझा प्रश्न आहे. तीन मेल झाले, उत्तर आलेलं नाही. आलं की इथे टाकतो.