चिठ्ठीतलं घड्याळ आणि आपला माणूस

ज्या घड्याळाला दुकान नाही, त्याला ठरलेला भाव नसतो, आणि भामट्याला तेवढी फट पुरते. स्वतंत्र घड्याळकारांची घड्याळं जमवायचा नाद आमच्या भागात मोजक्याच लोकांना आहे. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत असतील नसतील तेवढे एकमेकांना ओळखतात. गेल्या पावसाळ्यात मला ज्यानं गंडवलं, त्यानं पाठवलेलेच घड्याळाचे फोटो आता आमच्यातल्या आणखी दोघांच्या फोनवर आलेत. म्हणून हे सविस्तर.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं टर्निंगचं छोटं शॉप आहे. असलं घड्याळ बघितलं की मला वेळेआधी त्याचं मशिनिंग दिसतं. उर्वर्क या स्विस कंपनीच्या घड्याळांत तासकाटा नसतो. तासांचे आकडे स्वतःच फिरत येतात आणि मिनिटांच्या पट्टीवरून सरकत जातात. नुसतं बघायचं, किमतीत सीएनसी मशीन येईल. आवाक्यातलं म्हणावं असं एकच होतं : ‘मॅड वन’. मॅक्सिमिलियन ब्यूसर यांनी २००५ साली एमबी अँड एफ ही घड्याळकंपनी काढली, त्यांचीच ही स्वस्तातली (म्हणजे त्यांच्या मानानं) कल्पना. यंत्र उलटं बसवलंय, त्यामुळं गरगर फिरणारा तीन पात्यांचा रोटर (हाताच्या हालचालीनं चावी देणारा भाग) वरून दिसतो आणि वेळ केसच्या कडेला फिरणाऱ्या दोन कड्यांवर वाचायची. यंत्र मूळचं जपानी मियोटाचं, म्हणजे सिटिझनच्या घरातलं. एचएमटीनं १९६१ साली बेंगळुरात घड्याळं सुरू केली तीही सिटिझनच्याच मदतीनं. तेव्हा वडिलांच्या ‘जनता’चं हे लांबचं भावकीतलं घड्याळ, असं मी घरी पटवून ठेवलं होतं.

२०२१ साली हे घड्याळ कंपनीनं आपल्या जवळच्यांसाठीच काढलं. २०२२ ला लाल रंगाचं आलं तेव्हा किंमत २,९०० स्विस फ्रँक अधिक कर, आणि विक्री चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीत नाव निघालं नाही की दुसऱ्याच्या हातून, वाढीव भावानं घ्यायचं.

त्या गृहस्थाचा फोन आला तो कोल्हापुरी बोलीत. मेव्हणा दुबईला, त्याचं नाव चिठ्ठीत निघालं, दोन वर्षं घालून झालं, आता विकायचंय. भाव त्यानं पडता सांगितला नाही. पडता सांगितला असता तर मी तिथंच फोन ठेवला असता. बाजारभावापेक्षा थोडाच कमी, तीन लाख ऐंशी हजार, आणि वर घासाघीस करून दहा हजार उतरलासुद्धा. अगोदर पंचाहत्तर हजार टोकन, बाकीचे निपाणीत समोरासमोर, घड्याळ हातात घेऊन. आपल्याकडं महाराष्ट्रातून मराठीत कुणी आपुलकीनं बोललं की माणूस अर्धा विरघळतो. त्याला हे पक्कं माहीत होतं. “दादा, तुमी सीमाभागातली माणसं. तुमास्नी फसवून मी कुटं जाऊ?” हे वाक्य तो निपाणीतल्या माझ्या मित्रालाही म्हणालाय, शब्दाला शब्द.

जमवणाऱ्यांची रीत अशी की घड्याळाशेजारी आपलं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागायचा. मी मागितला, आला. दुसऱ्या दिवशी दुसरा मागितला, तोही आला. दोन्हींत कड्यांवरची वेळ एकच. विचारलं तर म्हणाला, वापरात नाही, चावी उतरून बंद पडलंय. ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसलं की दोन दिवसांत थांबतंच, त्यामुळं उत्तर चोख बसलं. प्रत्यक्षात कुणा परदेशी मालकाचा एकच फोटो होता आणि कागद त्यावर कॉम्प्युटरनं चिकटवला होता. मोठा करून बघितल्यावर दिसतं की कागदाची सावली एका बाजूला पडते आणि घड्याळाची दुसऱ्या.

हे ओळखायला सोपा उपाय आहे, आणि कागदापेक्षा तो खरा : वेळ आपण सांगायची. “नऊ वाजून सत्तावीस लाव, मग रोटर फिरव आणि व्हिडिओ कॉलवर दाखव.” ज्याच्याकडं घड्याळ आहे त्याला हे मिनिटाचं काम. निपाणीच्या मित्रानं परवा हेच सांगितलं, तर समोरच्याचं नेटच गेलं.

टोकन गेल्यावर आठवड्यानं पुढचा अंक. मेव्हण्याला मुंबई विमानतळावर कस्टमनं अडवलंय, ड्युटी भरली की घड्याळ सुटेल. मग ‘साहेबां’चा फोन, हिंदीत, दमदाटीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन सिंहांची मुद्रा असलेली नोटीस आणि ५४,००० रुपयांसाठी यूपीआय. तो नंबर टाकला तर समोर कुणा बाईचं नाव. प्रवाशाच्या सामानावरची ड्युटी सरकारी पावतीवर भरली जाते, बाईच्या खात्यावर नाही. शिवाय कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन हा पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या, वेबसाइटवर तपासता येतो. या नोटिशीवर तो नव्हताच. मी डीआयएन मागितला आणि दोन्ही नंबर बंद झाले.

मग शेजारपाजारचे सल्ले. माणूस कोल्हापूरचा, तेव्हा केस महाराष्ट्रात, इथं घेणार नाहीत, तिकडं जा. हे ऐकून कुणी घरी बसू नये. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर कुठल्याही राज्यातून तक्रार देता येते, आणि ती पहिल्या काही तासांत दिली तर पैसे पुढं सरकायच्या आत खात्यावर अडवता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते. मी बेळगावातच दिली. जबाब कन्नडमध्ये झाला, आमची बोलणी सगळी मराठीत, त्यामुळं हवालदारांना एकेक मेसेज वाचून सांगताना अख्खी दुपार गेली. माणूस मात्र सभ्य होता, कंटाळला नाही.

कोल्हापूरचा म्हणवणाऱ्याचं खातं निघालं तिसऱ्याच राज्यात, एका कॉलेजच्या पोराच्या नावावर. पोरानं पाच हजारांसाठी ते वापरायला दिलेलं. टोकनातले एकोणीस हजार तिथं अडकलेत, बाकीचे त्याच संध्याकाळी चार खात्यांत पांगले. अडकलेले सोडवायला कोर्टाचा हुकूम मागितलाय. अर्ज दिलाय, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.